मदत हवी आहे: मे महिन्याच्या उन्हात ॲटमेगा ३२८पी चा आतला ऑसिलेटर पुढे पळतो

नमस्कार.

रावेर तालुक्यातील आमच्या केळीबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी मी ॲटमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपच्या आठ पेट्या बसवल्या आहेत. खर्च वाचावा म्हणून बाहेरचे क्रिस्टल न लावता चिपमधील ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटरच (चिपला ठोके देणारे आतले सर्किट) वापरला. तो कारखान्यातून ±१० टक्के इतक्याच अचूकतेने येतो, म्हणून जानेवारीत प्रत्येक चिप मी घरी जुळवून घेतली होती: टायमर-२ ला घड्याळातील ३२.७६८ किलोहर्ट्झचे क्रिस्टल तात्पुरते जोडायचे, त्याचे २५६ ठोके होईपर्यंत टायमर-१ वर मुख्य क्लॉक मोजायचे आणि आकडा ६२,५०० च्या (नेमक्या ८ मेगाहर्ट्झला इतका येतो) सर्वांत जवळ येईल ती ऑसकॅलची, म्हणजे ऑसिलेटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या रजिस्टरची, किंमत ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून ठेवायची. तेव्हा खोलीत १८-२० अंश तापमान असेल.

आता पत्र्याखालची पेटी दुपारी हात लाववणार नाही इतकी तापते आणि ४० मिनिटांची पाण्याची पाळी पाऊण मिनिट आधीच संपते. पाऊण मिनिटाने केळीचे काही बिघडत नाही. परंतु दिवसाकाठी घड्याळ दहा-बारा मिनिटे पुढे जात असल्याने आठवड्याभरात व्हॉल्व्ह उघडतात तेव्हा थ्री-फेज लाइट आलेलीच नसते (आमच्याकडे विजेला सगळे लाइटच म्हणतात) आणि ती पाळी कोरडी जाते. पहाटे मोजले तर फरक बराच कमी भरतो.

चिपमधील तापमान संवेदक वाचून, तक्त्यावरून ऑसकॅल बदलत राहावे, असा विचार आहे. म्हणजे पेट्या उघडून डाग (सोल्डर) द्यावा लागणार नाही. मोबाइल नेटवर्कच्या जीएसएम मॉड्यूलशी सिरियल तारेवरून ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) बोलायचे असल्याने मुख्य क्लॉकही फार चुकून चालत नाही. हा मार्ग कोणी वापरला आहे का?

प्रतिसाद:

तक्त्याच्या मागे लागू नये, असे सुचवेन. तो संवेदकच मुळात ±१० अंशांनी चुकू शकतो, त्यामुळे प्रत्येक चिपचा तक्ता वेगळा करावा लागेल. शिवाय ऑसकॅलच्या एका पायरीने वारंवारता साधारण अर्धा टक्का तरी हलते, आणि अर्धा टक्का म्हणजे दिवसाला सात मिनिटांहून अधिक. तुम्ही काढून ठेवलेले क्रिस्टलच कायमचे बसवा. टायमर-२ ला १२८ चा प्रीस्केलर (ठोक्यांना भागणारा) दिला की दर सेकंदाला एक ओव्हरफ्लो (मोजणी भरून पुन्हा शून्यावर येणे) मिळतो; ४५ अंशांना तेही मागे पडेल, पण दिवसाला सेकंद-सव्वा सेकंदच. ऑसकॅल केवळ सिरियलसाठी ठेवा: तासातून एकदा तुमचीच ६२,५०० ची मोजणी करून एकेका पायरीने सरकवा. १२७ वरून १२८ वर मात्र जाऊ देऊ नका. तेथे वारंवारतेचा दुसरा पट्टा सुरू होतो आणि वारंवारता वाढण्याऐवजी एकदम घसरते.

धागाकर्ता:

आभारी आहे. सहा पेट्यांत क्रिस्टलच्या पिना मोकळ्या आहेत, त्या आधी करतो. उरलेल्या दोहोंत एका पिनेवर रिले आहे, तो दुसरीकडे हलवावा लागेल. म्हणजे डाग द्यायचे चुकत नाहीच.