"एवढुसं काम आणि एवढे पैसे?" गिऱ्हाईकाला आपलं काम कसं समजावलंत, अनुभव लिहा

मी कोल्हापुरात लेबलं, पाऊच, लोगो करते. बारा वर्षं झाली तरी पहिल्या फोनला "ताई, नाव तर टाकायचंय फक्त" हे ऐकावं लागतंच. आधी मी गपचूप रेट कमी करायचे, मग एक गूळवाले काका आले. त्यांना एकाने डिझाइन फुकटात करून दिलेलं, फाइल जुन्या फॉन्टातली आणि छापणाऱ्याकडे तो फॉन्टच नाही, त्यामुळे घटकांची यादी म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. वरचं नाव चित्र म्हणून टाकलेलं ते नीट दिसत होतं, म्हणून कुणी खाली बघितलंच नाही. पाऊचला दर रंगाचा वेगळा सिलिंडर कोरून घ्यावा लागतो, तो परत करायला लागला आणि छापलेला रोल वाया.

मी रेट काढलाच नाही. त्यांच्या नव्या पाऊचचं साधं प्रिंट खऱ्या मापात काढलं, कापून पाकिटाला चिकटवलं आणि शेजारच्या किराणा दुकानात फळीवर ठेवून काकांना रस्त्यावरून बघायला लावलं. 'सेंद्रिय'चा अनुस्वार मात्रेला चिकटून एकच ठिपका झालेला, द्र तर कळेचना. काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले "आता तुम्हीच सांगा काय करायचं". तेव्हापासून पहिल्या भेटीला मी कात्री आणि डिंक घेऊन जाते, पैशाचं नंतर.

तुम्ही काय करता?

— सातारी कॅमेरा
ताई अगदी बरोबर. माझ्याकडे "बटणच दाबायचंय ना" असतं. मी आता निवडक चांगले फोटो दाखवत नाही, एक अख्खं लग्न दाखवतो, हळदीपासून पाठवणीपर्यंत, आणि वधूच्या आईला शेजारी बसवूनच. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो, त्यात हॉलवाल्याचे जांभळे लाइट तोंडावर, समोर सगळ्यांचे मोबाइल, आणि अक्षता हवेत स्पष्ट दिसायला फ्लॅश कुठून मारायचा ते आधीच ठरलेलं असावं लागतं. तीनेक हजार क्लिकमधून चारशे निवडायला आठवडा जातो. दोन कार्डांवर एकदम सेव्ह होतं हे कॅमेरा उघडून दाखवतो, तिथे बहुतेक आईच म्हणते "ह्यांनाच ठरवा".

— अनुवादवाली
मला "मशीननं केलंय, नुसती नजर टाका" म्हणतात. एका मलमाच्या माहितीपत्रकात "बाधित भागावर दिवसातून दोनदा अर्ज करा" असं आलेलं! मी त्यांना फोनवर ते वाक्य सावकाश मोठ्याने वाचून दाखवलं, बास. आता प्रत्येक नव्या क्लायंटला त्याच्याच मजकुराचा एक परिच्छेद दोन्ही प्रकारे पाठवते, आणि सांगते की नीट केलं तर दिवसाला दोन-अडीच हजार शब्दच होतात, त्यापुढे डोकं चालत नाही. मात्र एकच परिच्छेद फुकट, अख्खं पान मागितलं तर पैसे.

— मेंदीचा कोन
मला नाही जमलं अजून. नवरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत म्हणजे चार-पाच तास, पाठ मोडून येते, आणि शेवटी तिची मावशी म्हणते शेजारची निम्म्यात काढते. कोन मी घरी भरते, मेंदी दोनदा चाळून, केमिकल नाही, पण हे हातावर दिसत नाही ना.

— धागाकर्ती (वर पहिली पोस्ट लिहिणारी, कोल्हापूरची)
अगं दिसतं की! काळा रंग लगेच चढवणारा कोन आणि तुझा कोन शेजारी ठेव, वास घ्यायला दे त्यांना. आणि अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख धरू नकोस. अजून एक सगळ्यांनाच, लोगोचे हक्क द्यायचे तर लेखीच द्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देणं लेखीच लागतं आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात. हा कागद पुढे ठेवला की समोरच्यालाही कळतं की तो नुसतं चित्र घेत नाहीये. मेंदीताई, पुढच्या लग्नाला मावशीला आधी कोन दाखव आणि काय झालं ते इथे लिही.