लिफ्टमध्ये अंगावर जाणारा कुत्रा: काय करावं?

सहावा_मजला:
कोथरूडला राहतो. आमचा जर्मन शेफर्ड ब्रूनो तीन वर्षांचा आहे. घरात लहान मुलीने कान ओढले तरी हूं की चूं करत नाही. पण लिफ्टचं दार उघडल्यावर समोर हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय दिसला की संपलंच. परवा एकाची पँट फाडली, पाय वाचला. पँटचे पैसे दिले, माफी मागितली. फिरवायला सासरे नेतात, सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. हातात बटण दाबलं की लांब सुटणारा पट्टा, आणि तोंडात "काही करत नाही हो तो!" नवरा म्हणतो, गुरगुरला की नाकावर फटका द्यायचा. सोसायटीने लिफ्ट बंदीची नोटीस लावली आहे. काय करू?

नियमवाला:
बंदी टिकणार नाही. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारू नये, असं पशू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. सेक्रेटरींना लेखी द्या.

तळजाईवाला:
नियमवाले, तिथेच थांबू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 पण वाचा. आपल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आहे ना, ताई? नसेल तर काढा, रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

आता ब्रूनोबद्दल. मी बरीच वर्षं दुसऱ्यांची कुत्री फिरवतोय, वळण लावतोय. आधी डॉक्टरांना दाखवा. शेफर्डला कंबरेच्या सांध्याचं दुखणं फार, आणि दुखत असलं की कुत्रं लवकर चिडतं.

फटका अजिबात नको. गुरगुरणं म्हणजे रिक्षाचा हॉर्न. वायर कापली म्हणून रिक्षा थांबत नाही, फक्त न वाजवता येऊन आदळते. मार खाऊन गुरगुरणं सोडलेलं कुत्रं थेट चावतं. मग मालक म्हणतो, "अचानक चावला हो." अचानक कसला! अंग ताठ, तोंड मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, विनाकारण ओठ चाटतोय; हे सगळं आधी होऊन गेलेलं असतं.

शिवाय ब्रूनोचा हिशेब बघा. तो भुंकतो, डिलिव्हरीवाला पार्सल ठेवून निघून जातो. माणूस जाणारच होता, पण ब्रूनोला वाटतं आपण हाकलला. रोज हीच शिकवणी चालू आहे.

म्हणून उलटी शिकवणी. घरात हेल्मेट जमिनीवर ठेवा, त्याने हुंगलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग हेल्मेट हातात, मग डोक्यावर, मग खाली पार्किंगमध्ये लांबून. तो बघतोय पण ताठ झालेला नाही, एवढं अंतर हवं. ताठ झाला तर मागे या, रागावू नका. वेळ लागतो, महिने लागतात.

तोवर रिकामी लिफ्टच घ्यायची. कोणी असेल तर जाऊ द्या. आत त्याला कोपऱ्यात, दाराकडे आपली पाठ. तो सुटणारा पट्टा आजच माळ्यावर टाका. साधा चार-पाच फुटी पट्टा आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घ्या. आणि सत्तरीच्या माणसाने गुडघे सांभाळत शेफर्ड आवरायचा नसतो, हे नवऱ्याने वडिलांना सांगावं. सुनेवर ढकलू नये.

स्कूटरवाली:
दुसऱ्या बाजूने लिहिते. मला सहकारनगरात एका पाळीव कुत्र्याने पोटरीला धरलं होतं. मालक "लस दिलीय" म्हणाले, कागद काही सापडेना. नुसता ओरखडा असला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि रेबीजच्या इंजेक्शनला जायचं. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार अँटीबॉडी) द्यावं लागतं. ब्रूनोच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

सहावा_मजला:
परवाना नव्हता, अर्ज करतेय. नवरा बाबांशी बोलला. मझल दाखवलं तर बाबा म्हणाले, "बैलाचं मुसकं माझ्या ब्रूनोला?"

तळजाईवाला:
मग त्यांच्याच हाताने सुरू करा. आत दही लावून धरायचं, ब्रूनोने स्वतः नाक घातलं पाहिजे. बकल पहिल्या दिवशी लावू नका. जाळीचंच घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी घट्ट पट्टी घालून एप्रिलमध्ये फिरवलंत तर उष्माघात होईल.