लाल विंचूदंश: प्राझोसिनची साधी गोळी संपली, उशिरा आलेल्या पेशंटला अँटिव्हेनम द्यावं का?

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. फिजिशियन नाही, व्हेंटिलेटर नाही. भातकापणी सुरू झाल्यापासून विंचवाचे पेशंट वाढलेत, म्हणून विचारतोय.

परवाची केस. सहा वर्षांचा मुलगा, वजन १७ किलो. पेंढा ओढताना बोटाला विंचू चावला. आधी गावात मंत्र-उतारा झाला, त्यामुळे आमच्याकडे पोचेपर्यंत पाच तास गेले. उलट्या, शर्ट पिळून निघेल इतका घाम, लाळ, लिंग ताठरलेलं, हातपाय बर्फासारखे गार. नाडी १४०, बीपी वाढलेलं, छाती स्वच्छ. म्हणजे ग्रेड २ (विष अंगभर भिनलंय, पण फुप्फुसात पाणी नाही). बोट मात्र फारसं दुखत नव्हतं, त्यावरून घरचे निर्धास्त! उलट दंशाची जागा ठणकत असेल आणि बाकी काही नसेल तेव्हा आपण निर्धास्त व्हायचं, हे त्यांना कोण सांगणार.

प्राझोसिन (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) ३० मायक्रोग्रॅम प्रति किलोच्या हिशोबाने, म्हणजे १ मिग्रॅची अर्धी गोळी दिली, आडवं ठेवलं, दर तीन तासांनी तोच डोस. पहाटे पाय कोमट झाले आणि पोरगं बोट धरून रडायला लागलं. बोट दुखायला लागलं म्हणजे विषाचा जोर उतरला, इतकं बरं वाटलं ते रडणं ऐकून!

आता अडचणी दोन.

१) साध्या गोळ्या संपल्या. स्टोअरमध्ये आहेत त्या बीपीच्या, हळूहळू विरघळणाऱ्या. फार्मासिस्ट म्हणतो, औषध तेच आहे, तोडून द्या. मी नाही म्हटलं. बरोबर ना?

२) फ्रिजमध्ये अँटिव्हेनम (विंचवाच्या विषावरचं प्रतिविष) आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांची महाडची चाचणी (बीएमजे, २०११) वाचली: ग्रेड २ चे ७० पेशंट, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत अँटिव्हेनम. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते अँटिव्हेनमच्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्या गटात फक्त ८. आमचे सीनियर मात्र म्हणतात, प्राझोसिन पुरतं, रिअ‍ॅक्शनची जोखीम कशाला? पाच तासांनी आलेल्याला तुम्ही देता का?

फिजिशियन, रत्नागिरी जिल्हा:
गोळीबाबत अगदी बरोबर केलंत. ती तोडली की तिची रचनाच मोडते, डोस किती आणि कधी उतरेल याचा भरवसा नाही. न तोडता दिली तर परिणाम यायला वेळ लागतो, आणि इथे तेवढा वेळ नसतो. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून साध्या १ मिग्रॅच्या गोळ्यांची स्थानिक खरेदी करा, किरकोळ खर्च आहे. जिभेखाली निफेडिपिन (बीपी उतरवणारं औषध) द्यायची जुनी सवय कुणाला असेल तर ती मोडा, नाडी आणखी पळते. अ‍ॅट्रोपिनही नको.

अँटिव्हेनम: त्याच पेपरचा दुसरा आकडा बघा. ग्रेड ३-४ मध्ये (फुप्फुसात पाणी किंवा त्याहून वाईट) गेलेले अँटिव्हेनमच्या गटात ४, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ५. म्हणजे पेशंट लवकर सुधारतो, पण बिघडायचा तो थांबतो असं त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. अँटिव्हेनम रक्तातलं विष बांधतं. विषामुळे आधीच सुटून गेलेल्या कॅटेकोलअमाइन्सचं (अ‍ॅड्रेनलिनसारखी, बीपी-नाडी वाढवणारी शरीरातली रसायनं) ते काही करत नाही. म्हणून जितकं लवकर तितका उपयोग. पाच तासांनी आला आणि घाम-लाळ चालूच आहे, तर मी देतो, रिअ‍ॅक्शनसाठी अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवून. पण प्राझोसिन आधी. प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर विंचूदंशाचे पंचवीस-तीस टक्के पेशंट दगावायचे, हे तुमच्या सीनियरनी पाहिलं असेल. त्यांचा भर गोळीवर आहे तो उगाच नाही.

बालरोगतज्ज्ञ:
वरच्याशी सहमत. जिपमेरनेही (पुदुच्चेरीचं वैद्यकीय महाविद्यालय) मुलांवर अशीच तुलना केली होती, तिथेही अँटिव्हेनम जोडल्यावर मुलं लवकर सावरली. एक भर: पहिल्या डोसनंतर आईला मूल कडेवर घेऊ देऊ नका. उभं धरलं की बीपी धाडकन पडतं. आया ऐकत नाहीत, मी नर्सला खाटेशीच उभी करतो. घाम-उलट्यांनी पाणी गेलेलं असतं, त्यामुळे तोंडाने ओआरएस चालू ठेवा. सलाइन मात्र डोळे झाकून लावू नका, फुप्फुसात पाणी व्हायची भीती तिथेच असते.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे सर. खरेदीचं पत्र आजच टाकतो. अजून एक, गोळी उलटीत पडली तर?

फिजिशियन, रत्नागिरी जिल्हा:
साध्या गोळीची पूड पाण्यात करून राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणारी नळी) द्या. गोळी उलटीत दिसली तरच पुन्हा पूर्ण डोस. दिसली नाही तर बीपी आणि पायांचा गारवा बघत थांबा. खोकला सुरू झाला किंवा छातीत क्रेप्स (फुप्फुसात पाणी झाल्याचा बुडबुड्यांसारखा आवाज) ऐकू आले तर अँटिव्हेनमच्या वायल मोजत बसू नका. ऑक्सिजन, बीपी टिकून असेल तर नायट्रोग्लिसरीन (रक्तवाहिन्या सैल करणारं), घसरलेलं असेल तर डोब्युटामिन (हृदयाला जोर देणारं), आणि १०८ ला फोन.