क्रांती पुस्तकांनी केली की करांनी?

टिपकागद
शाळेतला क्रम ठरलेला: लॉक, मॉन्टेस्क्यू, रूसो या तत्त्वज्ञांनी पुस्तकं लिहिली आणि मग अमेरिका, फ्रान्स पेटले. मला हे उलटं वाटतं. इंग्लंडमध्ये १६८९ च्या फेब्रुवारीत विल्यम-मेरी या नव्या राजा-राणीपुढे हक्कांचा जाहीरनामा वाचून झाला. लॉकचं राज्यसत्तेवरचं पुस्तक त्या वर्षाच्या शेवटी आलं, तेही निनावी. अमेरिकेत ठिणगी पडली इंग्लंडने लादलेल्या १७६५ च्या मुद्रांक करावरून. फ्रान्सच्या राजाने १७८९ मध्ये इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य यांच्या प्रतिनिधींची सभा, बोलावली (१६१४ नंतर पहिल्यांदाच!) ती तिजोरीत खडखडाट होता म्हणून. तत्त्वज्ञ आले ते नंतर मुलामा द्यायला.

घाटमाथा
मुलामा? अहो, करांवरून बंडं जगभर झाली. बंड जिंकलं की गादीवर दुसरा राजा बसायचा. अमेरिकेत गादीच मोडली, ती का?
मॉन्टेस्क्यूचंच बघा. कायदे करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे इंग्लंडात वेगवेगळे आहेत, असं चित्र त्याने १७४८ च्या पुस्तकात रंगवलं. प्रत्यक्षात तिथले मंत्री पार्लमेंटातच बसत, आजही बसतात. अमेरिकनांनी खरं इंग्लंड सोडलं आणि पुस्तकातलं उचललं: १७८७ च्या घटनेप्रमाणे सरकारी पदावरचा माणूस काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाचा, सदस्य असूच शकत नाही. नुसता मुलामा असता तर लेखकाची चूक घटनेत उतरली असती का?

टिपकागद
मुद्दा भारी, पण अर्धाच. वसाहतींत निवडून आलेली सभा (व्हर्जिनियात १६१९ पासून) आणि वरून नेमलेला गव्हर्नर यांचं आधीपासूनच वाजत होतं. दोघांना लांब ठेवायची खोड तिथली. घटना घडवणाऱ्यांपैकी एक असलेला मॅडिसन तिच्या समर्थनार्थ लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' लेखांत मॉन्टेस्क्यूचा हवाला देतो, कारण मोठं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो. आपणही इथे तेच करतोय म्हणा.

रात्रपाळी
दोघेही गोऱ्या मालदार पुरुषांपुरतं बोलताय. त्याच १७८७ च्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना एक गुलाम तीन-पंचमांश माणूस धरला. लॉकचे स्वतःचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होते. फ्रेंच लेखिका ओलँप द गूजने १७९१ मध्ये पॅरिसात स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये, दुसऱ्या एका राजकीय पत्रकावरून, तिला गिलोटिनवर चढवलं. कुणाची बुद्धी आणि कुणाचे हक्क?

घाटमाथा
पण तिने साचा कुठून घेतला? फ्रान्समधल्या पुरुषांच्या हक्कांच्या १७८९ च्या जाहीरनाम्यातूनच, कलमामागून कलम. इकडे जोतीरावांनी थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं आणि १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. ज्यांच्यासाठी लिहिलंच नव्हतं, त्यांच्या हाती ते लागलं. कराच्या पावतीतून हे झालं नसतं.

रात्रपाळी
सॅन-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतल्या (आजचं हैती) गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला, तेव्हा कुठे फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामी रद्द केली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली. १७८९ चा जाहीरनामा तेव्हाही छापलेला होताच. १८०४ मध्ये स्वतंत्र हैती उभं राहिलं ते नेपोलियनच्या फौजा हरवून. यात पुस्तकाचा वाटा किती, ते घाटमाथा यांनीच सांगावं.