न खेळणारी मुले मैदानावर कशी आली? – अनुभव धागा

आमच्या वसाहतीतील पंधरा ते पंचवीस वयाच्या बहुतेक मुलांचा खेळाशी संबंध मोबाइलवर सामने पाहण्यापुरता उरला आहे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सुचवते. तो आकडा ऐकून कोणी बूट घातल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही. ज्यांनी एखाद्या मुलाला खेळते केले, किंवा जे स्वतः उशिरा खेळू लागले, त्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

खो-खो प्रशिक्षिका, सांगली जिल्हा
जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे असल्यामुळे आमच्याकडे चौकशी करणाऱ्या मुलींची गर्दी झाली. ती लवकरच ओसरली. टिकल्या त्या मुली, ज्यांच्या आयांशी आम्ही घरी जाऊन बोललो. दहावीच्या सुमारास मुली खेळ सोडतात याचे खापर आपण अभ्यासावर फोडतो. परंतु खरी अडचण पुष्कळदा अंधारात घरी परतण्याची, कपडे बदलण्यासाठी आडोसा नसण्याची आणि पाळीच्या दिवसांत विचारायला कोणी बाई नसण्याची असते. सराव दिवस मावळण्यापूर्वी संपवला, एका वाटेच्या मुली एकत्र परतू लागल्या आणि शाळेने एक खोली उघडी ठेवली, एवढ्याने बरेच सुटले. ज्यांना लवकर दम लागतो त्यांना आम्ही आधी बसतीत घेतो, कारण तेथे खो मिळाल्यावर थोडेच अंतर धावावे लागते. पळती सावकाश शिकवता येते.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे
मी दिवसभर अभ्यासिकेत बसणारा. व्हॉलीबॉलला एक जण कमी पडत होता म्हणून खोलीतील मित्राने ओढून नेले. प्रकृतीसाठी चल म्हणाला असता, तर मी गेलो नसतो.

कबड्डी मंडळाचा कार्यकर्ता, मुंबई
एक जण कमी पडला म्हणून बोलावले, हे ठीक. पण आमच्या मंडळांत नेमके उलटे घडते. सात खेळाडू, पाच राखीव. बारावा निवडला की तेराव्याला काम उरत नाही आणि स्पर्धांच्या हंगामात त्याला कोणी विचारतही नाही. त्याला गुणफलकापाशी बसवणे हा उपाय नव्हे, कारण तो घरीही बसलेलाच होता. आम्ही आठवड्यातील एक संध्याकाळ निवडीविना ठेवली आहे: चिठ्ठ्या टाकून संघ पाडतो आणि प्रत्येकाला आळीपाळीने ३० सेकंदांची चढाई मिळते. चांगल्या खेळाडूंनी प्रारंभी कुरकुर केली, आणि ती रास्तही होती, कारण त्यांचा सराव तेवढा बुडतो.

इंग्लंडमधील एक पालक
येथे शनिवारी सकाळी उद्यानांतून पार्करन भरते. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेला हा ५ किलोमीटरचा उपक्रम विनामूल्य आहे आणि त्यात चालत गेले तरी चालते. सर्वांत मागे एक स्वयंसेवक चालतो, त्यामुळे शेवटचा क्रमांक आपला येईल ही माझ्या मुलीची धास्ती गेली.

पालक, डोंबिवली
आमच्याकडे उत्साह होता, जागा नव्हती. वाहनतळात चेंडू नेण्यास मनाई आहे. जवळच्या शाळेने सायंकाळी मैदान द्यायचे मान्य केले, पण किल्ली कोणाकडे राहणार, दिव्यांचे वीजबिल कोण भरणार आणि कोणी पडून जखमी झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरेपर्यंत फाटक उघडले नाही. तसा कागद इतर कोणी केला असल्यास त्यातील अटी येथे लिहाव्यात.