दिग्दर्शकाची कॉमेंट्री: ऐकण्याजोगी कशी ओळखायची?

प्रश्न:
तीन डीव्हीडींवरची कॉमेंट्री, म्हणजे सिनेमा चालू असताना त्यावर दिग्दर्शक बोलतो तो आवाज, लावली; तिन्ही अर्ध्यात बंद केल्या. "हा फार गुणी नट", "इथे खूप मजा आली"... पडद्यावर दिसतंय तेच पुन्हा सांगायचं! काय ऐकावं?

प्रतिसाद १:
मी संकलनाचं काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मी एकच बघते: माणूस कौतुक करतोय की निर्णय उलगडतोय? 'द गॉडफादर'वर त्याचा दिग्दर्शक कोपोला बोलतो तेव्हा चित्रीकरणावेळची नोकरी जाण्याची धास्ती शब्दाशब्दांत जाणवते. समोर तो भव्य सिनेमा आणि कानात घाबरलेला तरुण दिग्दर्शक. मी ते दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा वही घेऊन.

आणि 'द लाइमी' (१९९९) सोडू नका. कॉमेंट्रीत दिग्दर्शक सोडरबर्ग आणि लेखक लेम डॉब्स चक्क भांडतात. आपण लिहिलेलं किती कापलं, हे डॉब्स तोंडावर सुनावतो. एखादा प्रसंग गेला की पात्राचं काय जातं, हे मला त्या भांडणातून कळलं.

प्रतिसाद २:
दिग्दर्शकच हवा असं कुठे आहे? १९८४ साली 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) पहिली कॉमेंट्री आली, ती रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाची.

प्रतिसाद १:
खरंय. पण आधी सिनेमा नुसता बघा. कॉमेंट्री दुसऱ्या दिवशी, आठवण ताजी असताना.

प्रश्नकर्ता:
'द लाइमी'पासून सुरुवात करतो. वही घेऊनच.