मदत हवी आहे: विकास शुल्क भरले, पण सेवा आल्या नाहीत. दर आणि हिशेब यांचे पुनर्विलोकन कोणाकडे मागावे?

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या दक्षिण टोकाला, रिंग रोडच्या पलीकडे असलेल्या एका ले-आउटमध्ये आमची छत्तीस घरे आहेत. नकाशा मंजूर करून घेताना प्रत्येकाने डिमांड नोटप्रमाणे (भरायच्या रकमेच्या लेखी मागणीप्रमाणे) विकास शुल्क भरले आहे. माझी पावती सहा वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर ‘विकास शुल्क’ हे दोन शब्द आणि एक रक्कम आहे. ती पाण्यासाठी, रस्त्यासाठी की गडर लाइनसाठी (सांडपाण्याच्या भूमिगत वाहिनीसाठी), याचा काहीही उल्लेख नाही. आजही आमच्याकडे गडर लाइन नाही. काळ्या मातीत पाणी मुरत नसल्याने पावसाळ्यात सेप्टिक टँक तुंबतात आणि ते पाणी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये साचते. उन्हाळ्यात टँकर येतो. समोरच्या काकू सकाळी सहापासून फाटकाशी ड्रम लावून बसतात, कारण टँकरचा पाइप आमच्या गल्लीच्या शेवटच्या तीन घरांपर्यंत पोहोचत नाही.

आमची मागणी शुल्क कमी करावे अशी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. नव्या वस्तीमुळे जो खर्च वाढतो त्याचा वाटा नव्या वस्तीने उचलावा, हे आम्हाला मान्य आहे. जुन्या शहरातल्या महाल किंवा इतवारीत पिढ्यानपिढ्या घरपट्टी भरणाऱ्यांनी आमच्या जलवाहिनीचाही भार सोसावा, असे आम्ही म्हणणार नाही. आमचा प्रश्न दर कशावर बेतला आहे आणि जमा झालेला पैसा कुठे जातो, हा आहे.

माझ्या वाचनानुसार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये प्रकरण ६-अ हे १९९२ साली घालण्यात आले आणि त्याखाली नियोजन प्राधिकरण, म्हणजे महानगरपालिका किंवा तत्सम संस्था, विकास शुल्क आकारते. निवासी वापरासाठी वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्यातील, विकसित जमिनीच्या दराच्या ०.५ टक्के भूखंडाच्या क्षेत्रावर आणि २ टक्के बांधकामाच्या क्षेत्रावर, अशी आकारणी होते. हिशेबापुरते १३९ चौरस मीटरचा (सुमारे १,५०० चौरस फूट) प्लॉट आणि त्यावर १०० चौरस मीटर बांधकाम धरू. जमिनीचा दर चौरस मीटरला ८,००० रुपये असेल तर शुल्क २१,५६० रुपये होते. तोच प्लॉट आणि तेच घर ४०,००० रुपये दर असलेल्या भागात असेल तर १,०७,८०० रुपये होतात.

मला अडचण दिसते ती इथे. जिथे रस्ते, पाणी, गडर आधीच आहे तिथे जमीन महाग आणि शुल्क पाचपट. जिथे मुख्य वाहिनी दूरवरून आणायची आहे, म्हणजे दर घरामागे खर्च सर्वांत जास्त आहे, तिथे जमीन स्वस्त आणि शुल्क सर्वांत कमी. सेवेच्या खर्चाचा आणि शुल्काचा संबंध मला कुठेच सापडत नाही. शहराच्या कडेच्या वस्तीला मध्य भागातील जमा रकमेतून मदत मिळत असेल तर ते न्याय्यच आहे, परंतु तसे होते की नाही हे हिशेब पाहिल्याशिवाय कळणार कसे?

माझा भाचा कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात राहतो. त्याच्या सांगण्यावरून मी तिथला १९९७ चा विकास शुल्क कायदा पाहिला. तिथे पालिकेला शुल्काचा उपविधी (पालिकेने केलेला स्थानिक नियम) मंजूर करण्यापूर्वी वाढीचा अंदाज आणि त्या वाढीसाठी लागणाऱ्या कामांचा खर्च दाखवणारा अभ्यास अहवाल करावा लागतो, एखाद्या कामाचा लाभ जुन्या रहिवाशांनाही होणार असेल तर तेवढा वाटा वजा करावा लागतो, अहवाल मंजुरीच्या किमान ६० दिवस आधी लोकांसमोर ठेवावा लागतो आणि जाहीर सभाही घ्यावी लागते. उपविधीला मुदत असते. ती पूर्वी ५ वर्षे होती, २०२२ च्या दुरुस्तीने १० वर्षांपर्यंत झाली. त्यामुळे पुनर्विलोकन टाळता येत नाही. तिथली पद्धत जशीच्या तशी इथे आणावी असे मी म्हणत नाही, पण खर्च आधी मांडून मग दर ठरवण्याची रीत मला योग्य वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. विकास शुल्काचा ले-आउटनिहाय किंवा प्रभागनिहाय जमाखर्च कोणी माहितीच्या अधिकारात मिळवला आहे का? अर्ज कोणत्या विभागाकडे करावा? आणि दराच्या पुनर्विलोकनाची मागणी महानगरपालिका, सुधार प्रन्यास, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण की राज्य शासन, यांपैकी कोणाकडे करणे योग्य?

प्रतिसाद

नमस्कार. नगररचनेच्या कामाशी माझा बरीच वर्षे संबंध आहे, त्यावरून लिहितो.

दर आणि हिशेब हे दोन विषय वेगळे ठेवा. दर अधिनियमातच दिलेले असल्याने त्यांची पद्धत बदलायची तर शासनाच्या नगर विकास विभागाकडे आणि आपल्या आमदारांमार्फत विधिमंडळाकडे जावे लागेल. खर्चाचे मात्र तसे नाही. याच प्रकरणात विकास शुल्काचा स्वतंत्र निधी ठेवून तो सार्वजनिक सुविधा आणि क्षेत्राची देखभाल व सुधारणा यांवर वापरण्याची तरतूद आहे, म्हणून तुमची खरी पकड तिथे आहे. ज्या प्राधिकरणाने तुमची डिमांड काढली आणि पावती दिली, अर्ज त्याच्याचकडे करा. इतर दोन ठिकाणी केल्यास तो फिरत राहील.

अर्जात ‘गडर लाइन का टाकली नाही’ असे विचारू नका. कारणमीमांसा मागितली की उत्तर टाळायला वाव मिळतो. गेल्या पाच वर्षांत या निधीत जमा झालेली रक्कम, वर्षअखेरची शिल्लक, त्यातून झालेल्या कामांची यादी आणि त्यांचे कार्यादेश (कंत्राटदाराला काम देणारे लेखी आदेश), अशी दस्तऐवजांची मागणी करा आणि सोबत मूळ नोंदवह्या पाहण्याचीही परवानगी मागा. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये अभिलेखांच्या निरीक्षणाचा अधिकार स्पष्ट दिला आहे. १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा.

आणखी एक. पावतीवरची रक्कम खरोखर विकास शुल्काचीच आहे ना, हे तपासा. बरेच लोक अधिमूल्य (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम), एक टक्का कामगार उपकर आणि नियमितीकरणाची (विनापरवाना बांधकाम किंवा प्लॉट अधिकृत करून घेण्याची) रक्कम हे सगळे मिळून ‘विकास शुल्क’ म्हणतात, आणि मग चुकीच्या निधीचा हिशेब मागतात. गुंठेवारीतील, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर हे आणखी जपून पाहावे लागते.

मूळ लेखकाची भर

मनापासून आभार. डिमांड नोट पुन्हा काढून पाहिली. विकास शुल्क आणि कामगार उपकर या दोन स्वतंत्र ओळी आहेत, अधिमूल्य नाही, आणि प्लॉट गुंठेवारीतील नाही. येत्या रविवारी छत्तीसही घरांच्या डिमांड नोटांच्या प्रती गोळा करतो, म्हणजे आमच्या ले-आउटमधून या एका शीर्षाखाली एकूण किती रक्कम गेली तो आकडा अर्जाआधीच आमच्या हाती असेल. कार्यादेशांच्या मागणीचा मसुदा कोणाकडे तयार असेल तर कृपया इथे द्यावा.